विष ते विष नव्हे

यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध मारता मारता माणूस पडला, की सोबत आलेले विनवतात : सापाचं इंजेक्शन द्या ना, विष ते विषच! २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं सुमारे २० जण दगावले, शेकडो भरती झाले. एवढं सोसूनही हा समज जात नाही, याची चीड येते.

नाग-घोणसाच्या विषात मोठी प्रथिनं असतात. ती घोड्याला थोडीथोडी टोचली, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या कुपीत तीच असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष ती ओळखतात. प्रोफेनोफॉससारख्या कीटकनाशकाच्या इवल्या रेणूशी त्यांची ओळखच नाही.

मग त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं बनवा की! हा प्रश्न रास्त आहे, आणि एका इवल्या रेणूबाबत तसं झालंही आहे. रक्त पातळ ठेवणारं डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिन या विकराला धरून बसतं, पण सैल. सुटतं, पुन्हा धरतं. सुटल्या क्षणी त्याला पकडणारं इडारुसिझुमॅब हे प्रतिपिंड २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याची पकड थ्रॉम्बिनपेक्षा सुमारे ३५० पट घट्ट, म्हणून जोडी फुटते.

फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेटचं तसं नाही. मज्जातंतूंचा संदेश थांबवणाऱ्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला त्याचा तुकडा रासायनिक बंधानं चिकटतो, जणू वेल्डिंगच. तो सुटला, तरी मूळ विष म्हणून सुटत नाही, मग प्रतिपिंड पकडणार काय? प्रॅलिडॉक्झिम हा उतारा तो बंध तोडू शकतो, पण वेळेत दिला तरच. एडल्सटन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या ‘लॅन्सेट’मधील आढाव्यानुसार, मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक ज्या गटात येतं त्या डायमिथाइल गटात सुमारे ३.७ तासांत निम्मी विकरं कायमची निकामी होतात.

अशा रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर. ॲट्रोपिननं घरघर थांबते, बाहुल्या मोठ्या होतात आणि घरचे सुटी मागतात. विकर अजून अडकलेलंच असतं!

दूध पाजल्यानंही विष उतरत नाही. बेशुद्धाला पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंडाला फडकं बांधूनही भिजल्या सदऱ्यातून औषध अंगात मुरतंच.

आणि प्रत्येक औषध ऑर्गॅनोफॉस्फेट नसतं. २०१७ मध्ये राज्यानं तात्पुरती विक्रीबंदी घातलेल्या पाच कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस होतं, तसं डायफेन्थियुरॉनही. हे दुसरं ऑर्गॅनोफॉस्फेट नाही आणि त्यावर विशिष्ट उताराही नाही. म्हणून रुग्णासोबत औषधाचा डबा दवाखान्यात नेलाच पाहिजे, लेबलासकट.