निसवणीनंतरची बारा पाने

आजोळी, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, मामा पावसाळा सरला की सकाळी बागेत शिरायचे आणि केळीचे पान हातात धरून उजेडाकडे करायचे. दवाने ओल्या पानावर शिरांना समांतर, तांदळाच्या कणीएवढी फिकट पिवळी रेघ दिसते का, हे ते पाहत. आठवडाभरात ती रेघ तपकिरी होते, रुंदावते, मग मध्यभाग राखाडी होऊन वाळतो आणि भोवती पिवळे कडे उरते. असे शेकडो ठिपके एकमेकांत मिसळले की पान कडेकडून करपत जाते. शेतकरी याला करपा म्हणतो. भाताचा करपा वेगळा, कांद्याचा वेगळा. केळीचा हा करपा म्हणजे सिगाटोका.

हे नाव फिजी बेटांवरच्या एका नदीखोऱ्याचे आहे. रोगाची पहिली नोंद 1902 साली जावा बेटावरची, पण सिगाटोका खोऱ्यातल्या बागा 1912च्या सुमारास त्याने उजाड केल्या आणि तेच नाव जगभर रूढ झाले. त्याचा अधिक उग्र भाऊ, काळा सिगाटोका, 1963 साली फिजीतच ओळखला गेला.

या रोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हा रोग करणारी बुरशी शिरते ती पोंगा, म्हणजे गुंडाळलेले नवे पान, उलगडत असताना, अगदी कोवळ्या पानात, मुख्यतः खालच्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून. ठिपका उमटायला त्यानंतर तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात वर आणखी तीन-चार पाने आलेली असतात. म्हणजे आज जो ठिपका दिसतो, तो महिन्यापूर्वीच्या ओलीचा असतो, आणि आजच्या ओलीची लागण दिसायला अजून महिना आहे. ठिपक्यातला भाग मेलेला असतो, कोणतेही औषध तो पुन्हा हिरवा करीत नाही. फवारणी करायची ती वरच्या, निरोगी दिसणाऱ्या पानांसाठी. हे न कळल्यामुळे कितीतरी जण खालच्या करपलेल्या पानांवर औषध ओततात आणि 'गुण आला नाही' म्हणून दुकानातून आणखी जहाल औषध आणतात. त्यांचा पैसा असा वाया जाताना पाहून जीव तुटतो.

केळीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उन्हाळी-पावसाळी उबेत तिला आठवड्याला साधारण एक नवे पान येते. जळगावच्या थंडीत हाच वेग निम्म्याहून खाली येतो. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या मृगबागेला पावसाळाभर लागण होत राहते आणि ती डोळ्यांत भरते नेमकी थंडीत, जेव्हा झाड गेलेल्या पानाची भरपाई करू शकत नाही. आणि एकदा बाग निसवली, म्हणजे केळफुलाचे कमळ बाहेर पडले, की त्या खोडाला नवे पान येतच नाही. त्या वेळी अंगावर असलेल्या पानांवर पुढचे तीन-चार महिने सगळा घड पोसायचा असतो. निसवणीला दहा-बारा धड पाने असावीत. ती पाच-सहावर आली की फण्या भरत नाहीत, केळी बारीक राहतात आणि अनेकदा घड झाडावरच वेळेआधी पिकू लागतो. असा माल लांबच्या बाजारात पोहोचेपर्यंत टिकत नाही.

म्हणून उपायांत विळा आधी, पंप नंतर. पानाचा टोकाकडचा भागच करपला असेल तर तेवढाच कापावा. निम्म्याहून अधिक पान गेले असेल तर पूर्ण काढावे. सरसकट पाने छाटणे मात्र घडाच्या मुळावर येते, कारण पानाचा हिरवा भाग अन्न तयार करीतच असतो. कापलेली पाने सरीत टाकून देऊ नयेत. वाळक्या पानातही बुरशी जिवंत राहते आणि ओल मिळाली की तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. पाने बागेबाहेर नेऊन खड्ड्यात गाडावीत. हे काम कंटाळवाणे आहे, मजुरी लागते, पण याला पर्याय मला तरी दिसलेला नाही. जोडीला वेळेवर पिले काढणे, तण ठेवू न देणे, पाणी साचू न देणे आणि दोन झाडांत पुरेसे अंतर राखणे हवेच, कारण बागेतली हवा खेळती राहिली की पानावरचे दव लवकर सुकते.

फवारणीसाठी 10 लिटर पाण्यात प्रोपिकोनॅझोल 10 मिली आणि मिनरल ऑइल 100 मिली अशी शिफारस रूढ आहे. हे तेल मेणचट पानावर औषध पसरवते आणि बुरशीची वाढही मंदावते. फवारा पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचला पाहिजे. तेच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये, बुरशी त्याला सरावते. कोस्टारिकासारख्या देशांत काळ्या सिगाटोकासाठी वर्षाला 40हून अधिक फवारण्या विमानाने कराव्या लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. औषध बदलताना लेबल वाचावे आणि जळगावचे केळी संशोधन केंद्र किंवा पालचे कृषी विज्ञान केंद्र यांना विचारावे. पाने पिवळी पडली म्हणजे करपाच, असेही नाही. सीएमव्ही हा विषाणू असेल तर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही, ते झाड उपटूनच टाकावे लागते.

 

मामा कमळ दिसले की त्या झाडाची पाने मोजत. बारा भरली तर पुढच्या खोडाकडे वळत. दहाच्या खाली आली तर त्याच संध्याकाळी सालदाराला बोलावून उद्याच्या कामांत त्या ओळीची पानकापणी पहिली लावत.