रंकाळ्याचे पाणी ही अमानत

ईदच्या दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर गेल्याशिवाय आमच्या मुलांची ईद पुरी होत नाही. भेळ खायची आणि शालिनी पॅलेसमागे मावळणारा सूर्य पाहायचा. एकदा धाकट्याने विचारले, "पाण्यात हे हिरवे शेत कुणी केले?"

ते शेत नव्हते, जलपर्णी होती, आणि तिला खत आपणच घालतो. सांडपाणी आणि कपडे धुण्याची पावडर तलावात गेली की ती फोफावते. तिच्याखाली ऊन पोहोचत नाही. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. मग खंड्या आणि पाणकावळा तिथे कशाला येतील? नुसती जलपर्णी काढून भागत नाही. सांडपाणी थांबले नाही तर ती पुन्हा येते.

काठाचेही तसेच. आपल्याला फरसबंदी, दिवे, बाके हवीत. पाणकोंबडीला घरट्यासाठी पाणवनस्पती हव्यात, थोडा चिखल हवा, अंधार हवा. चौपाटी आपली असू द्या, पण दूरचा एखादा काठ पाखरांसाठी सोडायला हवा.

एका पाण्याचे अनेक हक्कदार असू शकतात, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. शाहू महाराजांनी 1907 साली हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी शेतीला मिळते आणि त्याच जलाशयाभोवतीच्या अभयारण्यात गवे नांदतात.

कुरआनने सूरह अल्-अनआममध्ये पशुपक्ष्यांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. वाहत्या पाण्यातली घाण निदान पुढे जाते, तलावात ती तिथेच राहते.

आता थोडे आपल्या घरात पाहू. कुरआनची जीर्ण पाने अदबीपोटी तलावात सोडणारे आपल्यातच आहेत. नीयत नेक असते, पण पाने काठाला लागतात आणि पायदळी येतात. स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ती दफन करावीत. उलमांनीही हा मार्ग सांगितला आहे. कुर्बानीचे अवशेष गटारात न टाकता कचऱ्याच्या गाडीकडे द्यावेत. माशांना शिळी रोटी टाकणे सवाबाचे वाटते, पण उरलेले तुकडे पाण्यातच सडतात.

पुढच्या ईदला रंकाळ्यावर जाताना आम्ही सोबत एक रिकामी पिशवी नेणार आहोत. आपला कचरा आपल्याबरोबर घरी येईल. तुम्हीही न्या.