संपूर्ण डिस्कचे कूटलेखन

शुक्रवार पेठेसारख्या सोलापुरातील जुन्या वस्तीत विडी-कामगार स्त्रियांच्या मुलाखती घेणाऱ्या अभ्यासकाच्या संगणकात कर्जाचे आकडे, आजारांची नावे, घरातील कलह असे पुष्कळ काही साठते. आणि ते सांगणारीने विश्वासाने सांगितलेले असते. संगणक चोरीस गेल्यास प्रवेशाचा परवलीचा शब्द त्याचे रक्षण करीत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की सर्व मजकूर वाचता येतो. यास्तव संपूर्ण डिस्कच कूटबद्ध केली पाहिजे.

लिनक्समध्ये हे कार्य ‘लक्स’ पद्धतीने होते; साबणाशी तिचा संबंध नाही. येथे मजकूर परवलीच्या शब्दाने कूटबद्ध होत नाही, तर यदृच्छेने निर्माण केलेल्या एका मूळ किल्लीने होतो. ही किल्ली परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करून डिस्कच्या शीर्षभागात ठेवलेली असते. म्हणूनच शब्द बदलला तरी सर्व मजकूर पुन्हा कूटबद्ध करावा लागत नाही, आणि मार्गदर्शकास निराळा शब्दही देता येतो.

मात्र शीर्षभाग बिघडल्यास शब्द ठाऊक असूनही मजकूर कायमचा गमावतो. त्याची प्रत अन्यत्र जपावी. परंतु शब्द पुढे बदलल्यास ती जुनी प्रत नष्ट करावी, कारण तिच्या साह्याने जुना शब्दही डिस्क उघडू शकतो.

डेबियन किंवा उबुंटू बसवितानाच हा पर्याय निवडता येतो. त्यात डिस्कवरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानी असावे. यंत्र नुसते निद्रावस्थेत ठेवल्यास किल्ली सामान्यतः स्मृतीत राहते. प्रवासास निघताना ते पूर्ण बंद करावे.