मुंबईचे महागडे घर गिऱ्हाईक का शोधते?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही नावे आपल्या खेड्यापाड्यांना परकी नाहीत. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस गिरणीत गेला, चाळीतल्या एका खोलीत दहाजणांबरोबर राहिला आणि दरमहा गावी मनिऑर्डर धाडत राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

मुंबईत पाय ठेवायला जागा नाही, असे आपण ऐकतो. मग त्याच मुंबईत काही महागडी घरे वर्षानुवर्षे कुलूप लावून का पडून राहतात?

हिशेब मांडून पाहू

पहिले कारण जमिनीत आहे. लोअर परळची मुंबई टेक्सटाईल मिल २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. तीच जमीन २०१२ मध्ये २,७०० कोटींच्या वर गेली. एवढ्या मोलाच्या जमिनीवरचे घर स्वस्त होणार कसे?

समजा, फ्लॅट ५ कोटींचा आहे. एवढ्या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त शेकडा ७५ कर्ज देते. म्हणजे सव्वा कोट पदरचे हवेत. मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्क शेकडा ६, म्हणजे ३० लाख. बांधकाम चालू असेल तर जीएसटीचे २५ लाख वेगळे. उरलेल्या पावणेचार कोटींच्या कर्जाला साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षे दरमहा सव्वातीन लाखांचा हप्ता पडतो. नोकरदाराला हे झेपत नाही. आणि ज्याला झेपते तो म्हणतो, घर भाड्याने दिले तर किमतीच्या शेकडा दोन-तीन रुपयेच वर्षाला सुटतात, मग पैसे इथे का अडकवू?

भाव का उतरत नाही?

कांदा उत्पादकाला हे चटकन समजेल. भाव येईल म्हणून तो कांदा चाळीत साठवतो. पण कांदा सडू लागला की मिळेल त्या भावाने विकावा लागतो. फ्लॅट डोळ्यांदेखत सडत नाही, म्हणून बिल्डर थांबतो. भाव उघडपणे पाडला तर आधी घेतलेले गिऱ्हाईक दारात येऊन बसते. शिवाय सरकारी दरापेक्षा शेकडा दहाहून अधिक खाली सौदा केला, तर तो फरकही उत्पन्न धरून घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांवर कर बसतो.

मात्र आत व्याजाची कीड लागलेली असतेच. वरळीत श्रीराम मिलच्या जागेवर ‘पॅलेस रोयाल’ मनोरा उभा राहू लागला. तो वर्षानुवर्षे अडकून पडला आणि २०१९ साली ७०५ कोटींना लिलावात गेला. उलट सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क काही महिन्यांपुरते शेकडा ५ वरून २ वर आणले, तेव्हा खरेदीला गर्दी उसळली. भार थोडा उतरला की गिऱ्हाईक येते.

पागडीची खोली

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींतल्या खोल्यांची अडचण निराळी. पागडीच्या खोलीचा भाडेकरू तिचा मालक नसतो. ती विकायची तर चाळमालकाची संमती लागते आणि पैशातला वाटाही त्याला द्यावा लागतो. अशा खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, तेव्हा सगळी रक्कम रोख मोजणारा माणूस शोधावा लागतो. त्यात भाडेपावती आजोबांच्या नावावर आणि वारस पाच गावांत! एका भावाची सही अडली की सौदा मोडलाच म्हणून समजा.

ज्यांच्या घराण्यात अशी खोली आहे त्यांनी भाडेपावत्या, वारसांची नावे आणि आपसांतला करार आजच नीट करून ठेवावा. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हाती आले म्हणून कोणी मुंबईत फ्लॅट घेऊ म्हणत असेल, तर त्याने प्रकल्पाची महारेरात नोंदणी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, चटईक्षेत्र किती आणि देखभालीचा महिना किती, हे आधी विचारावे. घ्यायला सोपे वाटणारे घर विकताना जड जाते.

एकाच आवारात दोन मुंबई

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ नावाचा २८० मीटर उंच मनोरा उभा आहे. त्याच गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी २२५ चौरस फुटांची घरेही बांधली गेली. मार्च २०२० मध्ये म्हाडाने त्यांची सोडत काढली, किंमत साडेनऊ लाख. कामगार आणि वारसांचे अर्ज मात्र लाखाच्या वर होते. ज्यांच्या घामावर ही गिरणगावे उभी राहिली, त्यांची रांग अजून संपलेली नाही.

तेव्हा मुंबईत घराला गिऱ्हाईक नाही, हे खरे नव्हे. गिऱ्हाईक दारात उभे आहे, पण त्याच्या कनवटीला बसेल असे घर बांधले जात नाही.