‘दिल्ली’ नावाची आवृत्ती

२३ मार्च २०१६ रोजी ‘ग्नोम’ या मुक्त सॉफ्टवेअरची ३.२० ही आवृत्ती निघाली. तिचे टोपणनाव होते ‘दिल्ली’. मेळावा भरवणाऱ्या गावाचे नाव आवृत्तीला देण्याची ग्नोमची रीत आहे, आणि त्या वर्षीचा आशियाई मेळावा एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या फरिदाबादला, मानव रचना विद्यापीठात भरला. त्या आवृत्तीत सुमारे ८३७ जणांनी केलेले अठ्ठावीस हजारांहून अधिक बदल होते. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नसेल.

आधी ग्नोम म्हणजे काय ते पाहू. लिनक्स हा संगणकाचा गाभा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. पण गाभा डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात त्या खिडक्या, फायलींची कपाटे, घड्याळ, आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी. हा सगळा ‘डेस्कटॉप’ वेगळी माणसे बनवतात. १९९६ साली जर्मनीत मथियास एट्रिक यांनी ‘केडीई’ सुरू केले आणि १९९७ साली मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या दोघा मेक्सिकन तरुणांनी ग्नोम. दोन्ही मंडळ्या आजही जोमात आहेत. केडीईचा भारतीय मेळावाही जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतच, महाराजा अग्रसेन तंत्रज्ञान संस्थेत झाला.

आपल्या कॅडेट्सना ग्नोमची शिस्त ओळखीची वाटेल. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, नवी आवृत्ती निघते. तारीख आधी ठरते आणि काम तिच्यात बसवावे लागते. एखादी सुंदर सोय वेळेत तयार झाली नाही तर ती पुढच्या गाडीने जाते. तिच्यासाठी गाडी थांबत नाही. आवृत्ती निघण्याच्या काही आठवडे आधी एकेक दार बंद होऊ लागते. आधी नव्या सोयी घेणे आणि पडद्यावरची मांडणी बदलणे बंद, मग पडद्यावरची वाक्ये बदलणे बंद. हे शेवटचे दार भाषांतरकारांसाठी असते. रोज नवे वाक्य येत राहिले तर मराठीत किंवा तमिळमध्ये ते आणायचे कधी? शेवटी फक्त गंभीर चुकांची दुरुस्ती चालते, आणि तीही परवानगीने.

नवा माणूस आत कसा येतो? प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. एखादी छोटी चूक शोधायची, ती दुरुस्त करणारे चार ओळींचे बदल लिहायचे आणि तपासणीला पाठवायचे. त्या भागाची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. तो ओळ न् ओळ वाचतो आणि बहुधा परत पाठवतो: नाव नीट ठेवा, हे दोन बदल वेगळे करा, का केले ते लिहा. पहिल्यांदा हे फार लागते, कारण सगळे उघड्यावर चालते आणि कोणीही वाचू शकते. टिकणारे टिकतात. वर्षा-दोन वर्षांत इतरांचे काम तपासायला मिळते, आणि कधी जुना मेंटेनर किल्ल्या हातात देऊन निघून जातो. खांद्यावर पट्टी नसली तरी कोणाचा शब्द चालतो ते सगळ्यांना ठाऊक असते.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही इथे काम आहे, आणि मराठी माणसाला तर खास. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एका रफाराचा फरक. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात मेसमधले स्वयंपाकी. हिंदीला या ‘ऱ्य’ची फारशी गरज नाही, त्यामुळे संगणकाला तो मुद्दाम शिकवावा लागला. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळणही हिंदीपेक्षा वेगळे. रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केलेले ‘लोहित’ फाँट आणि अक्षरे जुळवणारे ‘हार्फबझ’ अशा प्रकल्पांत हे बारकावे सांभाळले गेले. हार्फबझ आज लिनक्सबरोबर अँड्रॉइड फोनमध्येही आहे. आजी कुटुंबाच्या ग्रुपवर ‘दऱ्याखोऱ्या’ लिहितात तेव्हा तो ‘ऱ्या’ अशाच कोणा अनोळखी माणसांच्या मेहनतीने उमटतो.

पालक विचारतात, यांचे पोट कसे भरते? सरळ उत्तर असे: काहींचे भरते, काहींचे नाही. रेड हॅट, कॅनॉनिकल यांसारख्या कंपन्या पगार देऊन लोकांकडून हेच काम करून घेतात. गूगलच्या ‘समर ऑफ कोड’मध्ये नवशिक्यांना मानधन मिळते. ग्नोममधूनच वाढलेल्या ‘आउटरीची’तही मिळते. २०२३ साली जर्मन सरकारच्या निधीतून ग्नोमला दहा लाख युरो मिळाले. पण कितीतरी छोटे, अत्यावश्यक भाग एकेकटी माणसे नोकरी सांभाळून, रात्री जागून चालवतात.

अशाच एका ठिकाणी २०२४ साली घात झाला. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर एकच माणूस वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, आणि तसे त्याने उघडपणे लिहिलेही होते. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे नीट काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पसरण्याआधीच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने ते सोडून दिले नाही, मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. घुसखोराची खरी ओळख अजून पटलेली नाही. माझ्या मते ही गोष्ट गुप्तवार्तेच्या तासाला शिकवण्याजोगी आहे. बंद सॉफ्टवेअर असते तर बाहेरच्या माणसाला इतक्या खोल उतरता आले नसते, हे खरे. पण थकलेल्या पहारेकऱ्याची बदली वेळेवर कोणी केली नाही, हेही तितकेच खरे.

याचा आपल्याशी संबंध थेट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय साउथ ब्लॉकमधल्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी ‘माया’ ही देशी प्रणाली आणत आहे. माया उबंटूवर उभी आहे. उबंटू डेबियनवर उभी आहे आणि २०१७ पासून तिचा नेहमीचा डेस्कटॉप ग्नोम आहे. म्हणजे देशी प्रणालीच्या पायाखालीही जगभरच्या हातांचे काम आहे. तो पाया वाचू शकणारी, दुरुस्त करू शकणारी माणसे आपल्याकडे किती, हा प्रश्न आज बारावीत बसलेल्यांपर्यंत येऊन ठेपतो.

वसतिगृहात इंटरनेट मोजकेच मिळते ही अडचण कॅडेट हमखास सांगतात. भाषांतराला ती आड येत नाही. ग्नोमच्या भाषांतराच्या संकेतस्थळाचे नाव ‘डॅम्ड लाइज’, म्हणजे ‘धादांत खोटे’. आकडेवारीवरच्या जुन्या विनोदातून आलेले. तिथे प्रत्येक भाषेचे किती काम झाले आणि किती उरले ते दिसते. मराठीच्या यादीतून एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरची ‘पीओ’ फाइल रविवारी उतरवून घ्यावी. ती साधी मजकुराची फाइल असते: वर इंग्रजी ओळ, खाली मराठीसाठी रिकामी जागा. आठवडाभर इंटरनेटशिवाय वीस-पंचवीस ओळी सहज होतात. पुढच्या रविवारी ती परत चढवायची आणि तपासणाऱ्याच्या शेऱ्याची वाट पाहायची.