लिहितं इंग्रजी (भाग ६) : अद्रकाच्या वाफ्यावरची पाच वाक्यं

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत मराठी शाळेत शिकणारी मुलगी दहावीला पोहोचते तेव्हा तिच्या इंग्रजीला दहा वर्षं झालेली असतात. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. तरीही स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायच्या म्हटलं की तिचं पेन अडतं. शब्द येत नाहीत म्हणून अडत असेल, असं मोठ्यांना वाटतं. पण वह्या उघडून पाहिल्या तर दिसतं की तिने आजवर लिहिलेलं बहुतेक इंग्रजी फळ्यावरून किंवा गाइडमधून उतरवलेलं आहे. सहलीच्या परवानगीसाठी वडिलांना लिहायचं पत्र तिला तोंडपाठ असतं. त्याच वडिलांशी घरात होणारं बोलणं, म्हणजे मोटार जळाली, या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, कांद्याला भाव नाही, यातलं अक्षरही त्या पत्रात नसतं.

मागच्या भागात पाठ केलेल्या निबंधांचा विचार झाला. आता विषय घरातला आणि शेतातला घेऊन पाहू.

कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा अद्रकाचा पट्टा. लागवड एप्रिल-मेमध्ये होते आणि पावसाळ्यात कंदकूज लागली की घरात दुसरा विषय नसतो. अशा घरातल्या मुलीने रात्री वहीत पाच ओळी लिहिल्या, तर त्या साधारण अशा असतील : 'माय फादर प्लांटेड जिंजर इन मे. वी आर वॉटरिंग इट सिन्स टू मन्थ्स. टुडे मॉर्निंग आय सॉ यलो लीव्ह्ज. मदर सेड रॉट इज कम. फादर विल पुट मेडिसिन टुमारो.'

लाल पेन घेतलं तर या पाच ओळींत पाच-सहा खुणा सहज होतील. पण आधी हे मान्य करायला हवं की मजकूर पूर्ण कळतो. त्यात घटना आहे, क्रम आहे, काळजी आहे, आणि उद्या काय करायचं तेही आहे. गाइडमधल्या 'माझा आवडता छंद'मध्ये यातलं काही सापडत नाही. म्हणून अशा लेखनावर शिक्षकाचा पहिला शेरा मजकुराबद्दलचा असावा : किती वाफे पिवळे पडले? खालची पानं की शेंड्याची? मुलीला उत्तर माहीत असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती आणखी तीन ओळी लिहिते.

मग चूक, आणि तीही एका वेळी एकच. इथे निवडावी ती दुसऱ्या वाक्यातली. 'दोन महिन्यांपासून पाणी देतोय' हे मराठीत चालू वर्तमानकाळात बसतं, म्हणून तिने 'आर वॉटरिंग' लिहिलं आणि 'पासून'साठी 'सिन्स' घातलं. मराठी घरातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून हे होतं. इंग्रजीला तिथे 'वी हॅव बीन वॉटरिंग इट फॉर टू मन्थ्स' लागतं. दोन महिने, पाच वर्षं असा अवधी सांगायचा तर 'फॉर', आणि मे किंवा सोमवार अशी सुरुवात सांगायची तर 'सिन्स'. एवढं पक्कं व्हायला तिने याच रचनेत घरचीच आणखी वाक्यं करावीत : मोटार तीन दिवसांपासून बंद आहे, आजी मेपासून आमच्याकडे राहतेय. 'टुडे मॉर्निंग'चं 'धिस मॉर्निंग' पुढच्या आठवड्यात झालं तरी चालेल. 'अ' आणि 'द' यांना तर वर्ष लागेल. मराठीत ते नाहीतच, त्यामुळे ते कानाला खटकेपर्यंत भरपूर वाचायला हवं.

शेवटच्या वाक्यातलं 'पुट मेडिसिन' मात्र लगेच सुधारता येतं, कारण नेमका शब्द तिच्या घरातच आहे. कंदकुजीवर आळवणी करतात आणि कृषी सेवा केंद्रापासून बांधापर्यंत तिला सगळे 'ड्रेंचिंग'च म्हणतात. ड्रिप, मल्चिंग, स्प्रे, स्टार्टर, व्हॉल्व्ह हे सगळे शब्द शेतकऱ्याच्या मुलाला शहरातल्या मुलाच्या आधी कळतात. ही शिदोरी शाळेत कुणी उघडत नाही, याचं वाईट वाटतं. 'फादर विल ड्रेंच द बेड्स टुमारो' हे वाक्य तिच्यापासून एका पावलावर असतं.

मजकुराला उत्तर देत शिकवण्याची ही रीत इतरत्रही वापरली गेली आहे. लॉस एंजेलिसमधल्या शिक्षिका लेस्ली रीड १९८० च्या सुमारास आपल्या सहावीच्या वर्गात मुलांशी रोज वहीतून लेखी संवाद करत. पुढे त्यांच्या वर्गात बाहेरच्या देशांतून आलेली, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलंही होती. त्या चुका खोडत नसत; मुलाने जे मोडकंतोडकं लिहिलं असेल तेच आपल्या उत्तरात नीट रूपात वापरत. जाना स्टॅटन आणि सहकाऱ्यांनी या वह्यांचा बारकाईने अभ्यास केला. व्याकरणाच्या दुरुस्तीने लेखन खरंच सुधारतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये अशा दुरुस्तीच्या विरोधात लेख लिहिला, तर डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये निवडक दुरुस्तीची बाजू मांडली. शंभर चुकांवर शंभर खुणा केल्या की मूल लिहायचं टाळतं, हे मात्र शिकवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

आपल्याकडची जुनी वाट भाषांतराची. द्वा. रा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठवाड्यात ही कसरत तिहेरी होती. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू आणि तिथे इंग्रजी सक्तीचं. घरात मराठी बोलून उर्दूत शिकलेली आणि इंग्रजीत पेपर लिहिलेली माणसं या भागाने पाहिली आहेत. पाठमालेने वाक्याची घडी पक्की केली, हे ऋण मोठंच आहे. पण तिथली वाक्यं दुसऱ्याने ठरवलेली असत. आता त्या घडीत मुलांचा स्वतःचा दिवस यायला हवा.

परीक्षेचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत तक्त्यातली माहिती परिच्छेदात मांडायची एक कृती असते. तिच्या सरावाला बाजारभावाइतका सोयीचा तक्ता नाही : आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. लासूर स्टेशनच्या बाजारातल्या कांद्याचे दोन दिवसांचे आकडे शेजारी मांडले की 'हायर दॅन', 'फेल बाय', 'द सेम अ‍ॅज' या रचना आपसूक लागतात. आवक वाढली म्हणून भाव उतरला, हे लिहिताना 'बिकॉज' कुठे घालायचं तेही कळतं. एसटीचं वेळापत्रक, विजेचं बिल, पिठाच्या गिरणीवरची दरपाटी यांवरही असंच लिहिता येतं.

पन्नास मुलांच्या वह्या रोज तपासणं कुणालाच शक्य नाही. रोज दहा घ्याव्यात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार प्रत्येकाची पाळी एकदा येते. बाकीचे दिवस मुलांनी शेजाऱ्याची वही वाचून खाली एक प्रश्न लिहावा, इंग्रजीतच. वेळ दहा मिनिटं, शब्दकोश बंद. अडलेला शब्द मराठीत लिहून पुढे जायचं. 'बेणे'साठी अडून बसायची गरज नाही. ते देवनागरीत तसंच ठेवावं आणि नंतर वर्गात सगळ्यांनी मिळून शोधावं.

पुढच्या भागात : बँकेच्या शाखेत द्यायचा अर्ज, सहा ओळींत.