गावातले 'डॉक्टर' नक्की कोण? जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली माणसं

ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित अवतार. विषय आहे जनावरांचा दवाखाना. पुण्या-मुंबईतलं एसीवालं पेट क्लिनिक नव्हे बरं का. गावातला सरकारी दवाखाना, ज्याच्या अंगणात लोखंडी पाइपांचा खोडा असतो आणि त्यात एखादी म्हैस नाराज होऊन उभी असते.

गावात इथल्या प्रत्येकाला 'डॉक्टर' म्हणतात. आदर म्हणून ठीकच आहे. पण आत वेगवेगळं शिकलेली, वेगवेगळे अधिकार असलेली माणसं काम करतात, आणि गोठ्यात गाय आडवी झाली की हा फरक एकदम महत्त्वाचा होतो.

आधी पाटी वाचा. तिच्यावर 'श्रेणी-१' किंवा 'श्रेणी-२' लिहिलेलं असतं. श्रेणी-१ मध्ये पशुधन विकास अधिकारी बसतात. हे पदवीधर पशुवैद्यक. नीट परीक्षा देऊन प्रवेश, मग साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. आपलं बीटेक चार वर्षांचं आणि आपला पेशंट निदान एरर मेसेज तरी देतो! श्रेणी-२ चा कारभार बहुतेक वेळा पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी बघतात. पर्यवेक्षक हे डिप्लोमावाले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. डिप्लोमाधारकाला त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार वगैरे. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात एकाच डॉक्टरकडे शेजारच्या दवाखान्याचाही चार्ज असतो, ते दुसऱ्या गावात अडकलेले असतात, आणि दारात आलेल्या शेतकऱ्याला 'हे माझ्या अधिकारात नाही' असं सांगायची पाळी पर्यवेक्षकावर येते. मला विचाराल तर ही त्या खुर्चीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

देखरेख कशाला हवी, ते एका आजारावरून कळतं. मिल्क फीव्हर. नावात ताप आहे, पण गायीचं अंग उलट गार पडतं. (चुकीच्या नावाचे व्हेरिएबल फक्त आपल्याच कोडमध्ये असतात असं नाही.) भरपूर दूध देणारी गाय व्याली की एक-दोन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. गाय बसते, कान थंड पडतात, मान कुशीकडे वळवून ठेवते. उपाय म्हणजे शिरेतून कॅल्शियम. पण ते भराभर सोडलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून डॉक्टर एका हाताने बाटलीचा वेग सांभाळतात आणि छातीवर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत राहतात. ठोके बिघडले की थांबायचं. सगळं नीट झालं तर मेल्यागत पडलेली गाय कधीकधी तासाभरात उठून वैरणीला तोंड लावते. हे पाहिलेला माणूस आयुष्यभर त्या डॉक्टरला विसरत नाही.

पर्यवेक्षकाचं रोजचं मोठं काम म्हणजे कृत्रिम रेतन. वीर्याच्या बारीक कांड्या द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या असतात. कांडी काढली की ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची आणि लगेच काम उरकायचं. एक हात गायीच्या गुदाशयात, आतून गर्भाशयाचं तोंड पकडलेला, दुसऱ्या हाताने गन पुढे. सगळं स्पर्शावर. वेळही गाठावी लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हुकलं की पुढचे साधारण २१ दिवस थांबा, आणि तेवढे दिवस खाद्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर. म्हशी तर मुका माज करतात, बाहेरून काही कळतच नाही.

आता परिचर आणि व्रणोपचारक. व्रणोपचारक म्हणजे ड्रेसर, जखमा धुणारा-बांधणारा. परिचर खोडा बांधतो, बैलाला दोरी टाकून अंग न मोडता खाली पाडतो, नायट्रोजनची पातळी मोजपट्टी घालून बघतो. कंटेनर कोरडा पडला की आतल्या सगळ्या कांड्या वाया, म्हणजे अख्खा दवाखाना या माणसाच्या लक्षावर चालतो. पगाराच्या चिठ्ठीत तो सगळ्यात खाली, पण लाथ बहुधा त्यालाच पहिली बसते.

लाथ तरी दिसते. न दिसणारा धोका जास्त वाईट. गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून कुणी तोंडात हात घालतो, आणि तो रेबीज निघू शकतो. म्हणूनच या कामातल्या माणसांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायची असते. दुसरा ब्रुसेलोसिस. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते, आणि ती काढणाऱ्या हातातून जंतू माणसात शिरतात. मग येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, घाम. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस देतात, पण ती जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचणाऱ्याला स्वतःला सुई लागली तर त्यालाही धोका. तुमच्या घरात कुणी या कामात असेल आणि ताप हटत नसेल, तर माणसांच्या डॉक्टरला 'मी जनावरांत काम करतो' हे आवर्जून सांगा. नाहीतर टायफॉइडच्या गोळ्यांवर महिना जातो.

यावर कडी म्हणजे डेटा एंट्री. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी नंबर, लस टोचली की तो ॲपमध्ये टाकायचा. गोठ्यात नेटवर्क नाही, बिल्ला शेणाने माखलेला, म्हैस मान हलवतेय. आपण ऑफिसात बसून यूएक्सवर चर्चा करतो ना, तो टेस्ट तिथे घ्यायला हवा.

आता गावाकडून फोन आलाच तर. १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करता येतो. दवाखान्यात फोन केलात तर नुसतं 'गाय आजारी आहे' म्हणू नका. कधी व्याली, कितवं वेत, रवंथ करते का, शेण कधी टाकलं, बसली असेल तर कधीपासून, आधी कुणी काही टोचलंय का, एवढं विचारून घ्या. एवढ्यावरून पलीकडचा माणूस ठरवतो, की गाडीत कॅल्शियमची बाटली टाकायची की कोपरापर्यंतचे हातमोजे.